काय उचललं, ते आधी बघा: ‘पिक अप’ ओळखायची पद्धत

आपण गाडी चालवणारे ड्यूटी स्लिपवर, म्हणजे त्या फेरीच्या कागदावर, सगळ्यात आधी पिकअप बघतो. किती वाजता आणि कुठून. ‘पहाटे साडेतीनचा पिकअप आहे’, ‘पिकअप हिंजवडी, ड्रॉप सहार’ हे आपण दिवसभर बोलत असतो. बाकी इंग्रजी येवो न येवो, हा एक शब्द आपल्याला पक्का ठाऊक आहे असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

मी जुन्नर तालुक्यातला. बारावी झाल्यावर पुण्यात आलो आणि 21 वर्षं टुरिस्ट गाडी चालवली, त्यातली बहुतेक पुणे ते मुंबई विमानतळ. आता रात्रीची ड्यूटी डोळ्यांना झेपत नाही म्हणून ऑफिसात बसून कुठल्या ड्यूटीला कुठली गाडी ते ठरवतो, आणि रविवारी सकाळी स्टँडमागच्या खोलीत नव्या मुलांना कामापुरतं इंग्रजी शिकवतो. दर वेळी सुरुवात याच शब्दापासून करतो. त्याचं कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट समजेल.

2011 चा जुलै. चाकणच्या एका कारखान्यात जर्मनीहून साहेब आले होते. रात्रीचं विमान मुंबईहून होतं आणि पाचला निघायचं ठरलं होतं. मी गेटपासून जरा लांब, चहाच्या टपरीशेजारी गाडी लावून बसलो होतो. साडेतीनच्या सुमारास साहेबांचा फोन आला. आवाज तुटत होता, वर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला ऐकू आलं ते एवढंच: ‘... इज पिकिंग अप, सो ... नॉट फाइव्ह.’ मी अर्थ लावला की दुसरं कुणीतरी पिकअप करतंय, पाचचं आता नको. ‘ओके सर’ म्हणालो आणि डिझेल भरायला निघून गेलो. साहेब म्हणाले होते, ‘द रेन इज पिकिंग अप, सो फोर ओ’क्लॉक, नॉट फाइव्ह.’ म्हणजे पाऊस वाढतोय, तेव्हा पाचऐवजी चारलाच निघू. चारपासून ते बॅगा घेऊन गेटवर उभे. माझ्या फोनला रेंज नाही. सव्वापाचला फोन लागला, तसा मी धावत गेलो. तळेगाववरून एक्स्प्रेसवेला लागलो, पण खंडाळ्याच्या घाटात गाड्या जागच्या जागी थांबलेल्या. विमान चुकलं.

साहेब ओरडले नाहीत. घाटात अडकलेलो असताना त्यांनी विचारलं, तुला काय समजलं होतं? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी माझ्याकडून ड्यूटी स्लिप मागून घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन चित्रं काढली. एकात बॅग घेतलेला माणूस आणि शेजारी गाडी. दुसऱ्यात पावसाचे थेंब आणि त्यांच्या बाजूला वर जाणारा बाण. दोन्ही चित्रांखाली एकच शब्द लिहिला. ती स्लिप मी जपून ठेवली आहे, वर्गात पहिल्या दिवशी तीच दाखवतो.

आता पद्धत. डिक्शनरी उघडली तर ‘पिक अप’चे वीसएक अर्थ एकाखाली एक दिसतात. ते पाठ करायला बसू नका, चार दिवसांत विसराल. त्यापेक्षा कानावर ‘पिक अप’ पडलं की मनात एकच प्रश्न विचारा: काय उचललं? कुणी काय उचललं हे वाक्यात सापडलं, तर त्या ‘काय’वरून अर्थ निघतो. आणि उचललेलं असं काही सापडलंच नाही, तर समजा की जे आहे ते आपलं आपण वर चढतंय. साहेबांच्या दोन चित्रांत हेच होतं. पहिल्यात गाडी माणसाला घेते. दुसऱ्यात पाऊस कुणाला घेत नाही, पाऊसच वाढतो.

‘पिक’ हा मुळात टोकाचा शब्द आहे. टिकावाला इंग्रजीत पिक म्हणतात, पक्ष्यानं चोच मारण्याला पेक म्हणतात, आणि पेक हा पिकचाच भाऊबंद. म्हणून आपल्याकडे त्याला एक ‘उचलणे’ पुरत नाही. उचलणे, वेचणे आणि टिपणे असे तिघं मिळून लागतात. गोणी उचलतो, अंगणातली फुलं वेचतो, चिमणी दाणे टिपते. पिक अपचे जवळजवळ सगळे अर्थ या तिघांपैकी कुणाच्या तरी घरातले आहेत.

रोजच्या कामातला पहिला अर्थ घ्या, माणसाला घ्यायला जाणं. इथे मराठीत आपण ‘उचलायला येतो’ म्हणत नाही, ‘घ्यायला येतो’ म्हणतो, आणि तेच बरोबर आहे. बोलताना एक चूक मात्र दहातली आठ मुलं करतात. ‘आय विल पिक अप यू’ म्हणतात. तसं चालत नाही. यू, हिम, हर, इट, देम असा छोटा शब्द असेल तर तो पिक आणि अपच्या मध्येच बसतो: ‘आय विल पिक यू अप ॲट सिक्स’, ‘पिक इट अप’, ‘हू इज पिकिंग देम अप?’ पूर्ण नाव किंवा वस्तू असेल तर दोन्हीकडे चालतं. ‘पिक अप द बॅग’ म्हणा नाहीतर ‘पिक द बॅग अप’ म्हणा. पण वस्तूचं वर्णन लांबलं, म्हणजे ‘सहाव्या मजल्यावरच्या मॅडमची निळी बॅग’ असं काही असलं, की पिक अप एकत्र ठेवून पुढे सगळं सांगावं.

उच्चाराकडेही लक्ष द्या. ‘पिकअप’ हे नाव असतं तेव्हा जोर पहिल्या भागावर पडतो: ‘माय पिकअप इज ॲट सिक्स.’ क्रियापद असतं तेव्हा जोर ‘अप’वर पडतो: ‘पिक मी अप.’ आणि फोनवर हे शब्द सुटे ऐकू येतील अशी अपेक्षा ठेवू नका. ‘पिक्ड अप’चं ‘पिक्टप’ होतं. अमेरिकन माणूस ‘पिक इट अप’ म्हणतो तेव्हा ‘पिकिडप’ असं काहीतरी कानावर येतं. हे तुकडे चार-पाच वेळा मोठ्यानं म्हणून बघा. जे तोंडातून निघालेलं असतं ते कान लवकर ओळखतात.

आता वस्तू. पॅसेंजर म्हणाले, ‘कॅन यू पिक अप सम वॉटर ऑन द वे?’ तर ते डिकीतली बाटली उचलून द्या असं म्हणत नाहीत. येता येता पाणी विकत घेऊन या, असं म्हणतात. औषध, वर्तमानपत्र, केक, काहीही असो, ‘ऑन द वे’ किंवा दुकानाचं नाव सोबत आलं की अर्थ ‘घेऊन येणे’. तीच गोष्ट ‘पिक अप द ड्राय क्लीनिंग’ची: कपडे आधीच टाकलेले आहेत, फक्त आणायचे आहेत. पैसे द्यायचे की नाहीत, हे पिक अपवरून कळत नाही. ते विचारून घ्या. ‘इज इट पेड फॉर, सर?’ एवढं पुरतं.

पैशांवरून आठवलं. ‘द कंपनी विल पिक अप द टोल’ हे वाक्य आपल्या खिशाशी संबंधित आहे, म्हणून नीट लक्षात ठेवा. टोलचा खर्च कंपनी उचलेल. मराठीतही आपण खर्च उचलतो, तेव्हा इथे अडचण येऊ नये. हॉटेलात ‘आय विल पिक अप द बिल’ किंवा ‘द टॅब’ म्हणतात, तेही हेच. माझ्याकडच्या एका मुलाला वाटलं होतं की टोलनाक्यावर कंपनीचा माणूस उभा राहणार आणि तो पावती घेणार. त्यानं उर्से आणि खालापूर दोन्ही नाक्यांच्या पावत्या टाकून दिल्या. ते पैसे त्याला परत मिळाले नाहीत. पावत्या सांभाळायच्या असतात.

यानंतर येतो तो दुसरा कप्पा, ज्यानं मला घाटात अडकवलं. इथे उचललेलं काही सापडत नाही. ‘द विंड इज पिकिंग अप’ म्हणजे वाऱ्यानं जोर धरलाय. ‘ट्रॅफिक पिक्स अप आफ्टर फाइव्ह’ म्हणजे पाचनंतर गर्दी वाढते. ‘बिझनेस हॅज पिक्ड अप’ म्हणजे धंद्यानं उचल खाल्ली. मराठीत ‘जोर धरणे’ आणि ‘उचल खाणे’ हे दोन वाक्प्रचार तुमच्याजवळ आहेत, ते या कप्प्याला अगदी फिट बसतात. वेगाचं वाक्य तेवढं दिसायला वेगळं आहे. ‘द कार पिक्ड अप स्पीड’ यात ‘स्पीड’ हे ‘काय’ म्हणून समोर दिसतं, पण भाव तोच, गाडीनं वेग धरला.

एक सापळा मात्र इथे आहे आणि तो मी स्वतः पाहिला आहे. एका मॅडमना रोज संध्याकाळी आईला भेटायला हॉस्पिटलला नेत होतो. तिसऱ्या दिवशी फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, ‘शी इज पिकिंग अप.’ पाऊस वाढतो तसा आजार वाढतोय असं मी धरलं आणि उतरताना हळहळ बोलून दाखवायला निघालो होतो. तेवढ्यात आरशात त्यांचा चेहरा दिसला. चेहरा उजळलेला होता. वाक्यात आजार नव्हता, आई होती. आई वर येतेय म्हणजे बरी होतेय. तेव्हा दुसऱ्या कप्प्यात कोण चढतंय हे न चुकता बघा. पाऊस चढला तर पाऊस वाढला, आजारी माणूस चढला तर माणूस सुधारला. रात्री घाटात ज्या चहानं तरतरी येते, त्या चहालाही इंग्रजीत ‘पिक-मी-अप’ म्हणतात, तो शब्द याच शेजारचा.

गाडीच्या पिकअपबद्दल विचारतात म्हणून सांगतो. ‘गाडीला पिकअप नाही, क्लच प्लेट गेली वाटतं’ हे गॅरेजमध्ये आपण बोलतो आणि मेकॅनिकला बरोबर कळतं. हा शब्द वेग धरण्यावरूनच आला आहे. पण परदेशी पॅसेंजरला ‘सर, नो पिकअप’ म्हणालात तर त्याला वाटेल की त्याला घ्यायला गाडी येणार नाही. त्याला सांगायचं, ‘द कार इज स्लो टु पिक अप स्पीड.’ आणि आमच्या जुन्नरकडे टोमॅटो भरून नारायणगावच्या बाजारात जाते ती पिकअप म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. ते फक्त नाव, त्यात अर्थ शोधत बसायला नको.

मला सगळ्यात आवडतो तो टिपण्याचा कप्पा. ‘व्हेअर डिड यू पिक अप युअर इंग्लिश?’ हा प्रश्न मला कितीतरी पॅसेंजरनी विचारला. त्यात एक मान आहे. शाळेत बसून शिकलेल्याला ‘लर्न’ म्हणतात. ऐकून ऐकून, चालता बोलता भाषा अंगात आली तर ‘पिक अप’ म्हणतात. आपण नाही का म्हणत, पोरानं कानडी लगेच उचलली! उत्तर द्यायचं, ‘आय पिक्ड इट अप ऑन द जॉब, सर.’ हे वाक्य मी मुलांकडून वीस-वीस वेळा म्हणून घेतो. आपल्या कष्टाची भाषा आहे, मान वर करून सांगावी.

सवयही अशीच लागते, ‘ही पिक्ड अप अ बॅड हॅबिट’. आजारही लागतो, ‘आय पिक्ड अप अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झाली. इथे कुणी मुद्दाम काही उचललेलं नसतं, नकळत चिकटलेलं असतं. घाटात रेडिओ खरखरतो तेव्हा ‘इट कान्ट पिक अप द सिग्नल’ म्हणतात, त्याला सिग्नल पकडता येत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असलेली पट्टी असते, ती तारेची थरथर टिपते, म्हणून तिचंही नाव पिकअप. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री ऐकत असाल तर दोन्ही घरं एका षटकात भेटतील. ‘पिक्ड अप थ्री विकेट्स’ म्हणजे तीन बळी घेतले, हे वेचणं. ‘ही पिक्ड इट अप अर्ली’ म्हणजे बॅट्समननं चेंडू लवकर ओळखला, हे टिपणं. सरावाला कॉमेंट्रीसारखी दुसरी गोष्ट नाही, कारण शब्द ऐकू येतो आणि काय घडलं ते त्याच क्षणी समोर दिसतं.

अपच्या पुढे आणखी एखादा शब्द लागला तर सावध व्हा. ‘शी पिक्ड अप ऑन इट’ म्हणजे तिच्या ते बरोबर लक्षात आलं, आपण न सांगता तिनं हेरलं. ‘पिक अप आफ्टर द किड्स’ म्हणजे मुलांना घ्यायला जाणं नाही, त्यांनी केलेला पसारा त्यांच्या मागे आवरणं. शाळेच्या ड्यूटीवर असणाऱ्यांनी हे दुसरं खास ध्यानात ठेवावं. ‘पिक युअरसेल्फ अप’ म्हणजे पडलास तरी ऊठ, स्वतःला सावर. आणि ‘अप’ नसलेलं नुसतं ‘पिक’ म्हणजे निवडणं. ‘पिक अ सीट’ म्हटलं तर हवी ती सीट निवडा, उचलू नका.

उलट बाजूनं, मराठी ‘उचलणे’ दिसलं म्हणून इंग्रजीत पिक अप टाकायलाही जाऊ नका. फोन उचलणे जमतं, ‘पिक अप द फोन’. पोलिसांनी पोराला उचललं, हेही तसंच्या तसं जमतं, ‘द पोलीस पिक्ड हिम अप’. पण ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो ती ‘ॲडव्हान्स’. आपणही महिन्याच्या मध्ये मालकाकडून उचल मागतो, तिथे पिक अप म्हणालात तर त्याला काही कळणार नाही. विडा उचलणे, हात उचलणे, यांचे इंग्रजी शब्द वेगळे आहेत.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. अनोळखी बाई-माणसाशी ओळख काढून तिला सोबत नेण्यालाही इंग्रजीत पिक अप म्हणतात, आणि तो अर्थ चांगला नाही. बुकिंग असलेल्या मॅडमना ‘आय हॅव कम टु पिक यू अप’ म्हणण्यात काहीही वावगं नाही, तुमच्या हातात नावाचा बोर्ड असतो. पण स्टँडवर उभ्या असलेल्या, ओळख नसलेल्या बाईंना ‘कॅन आय पिक यू अप?’ असं कधीही विचारू नका. ‘डू यू नीड अ टॅक्सी, मॅडम?’ असं विचारा आणि दोन पावलं मागे उभे राहा.

सराव कसा करायचा? मी मुलांना छोटी वही खिशात ठेवायला लावतो. दिवसात एकदा तरी ‘पिक अप’ ऐकू येतंच. ते पूर्ण वाक्य लिहायचं, कोण बोललं आणि तेव्हा काय चाललं होतं तेही लिहायचं. अर्थ लगेच लिहायचा नाही. रात्री गाडी लावल्यावर ‘काय उचललं’ हा प्रश्न विचारायचा आणि शेजारी उचलणे, वेचणे, टिपणे, घ्यायला जाणे किंवा जोर धरणे यातलं एक लिहायचं. कशातच बसलं नाही तर रविवारी वर्गात आणायचं. फोनवर असताना शंका आली तर अंदाज करायचा नाही. ‘सर, व्हॉट टाइम शुड आय कम?’ असं विचारून वेळ पक्की करायची. 2011 ला मी हा एक प्रश्न विचारला असता तर साहेबांचं विमान चुकलं नसतं.

गेल्या रविवारी एका मुलानं वहीत दोन वाक्यं आणली होती. दोन्ही एकाच पॅसेंजरची, एकाच दिवसाची. सकाळी मिटिंगला उतरताना ते त्याला म्हणाले होते, ‘पिक मी अप व्हेअर यू ड्रॉप्ड मी ऑफ.’ आणि संध्याकाळी गाडीत फोनवर कुणाला तरी म्हणाले, ‘लेट्स पिक अप टुमॉरो व्हेअर वी लेफ्ट ऑफ.’ ते ऐकून त्यानं दुसऱ्या दिवशीही त्याच जागेचा पिकअप मालकाला कळवून टाकला होता. वर्गात फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि सगळ्यांना विचारलं, काय उचललं? पहिल्यात ‘मी’ आहे. म्हणजे मला उचल, जिथे सोडलं होतंस तिथूनच. दुसऱ्यात उचलायचा माणूस कुठेच नाही. तिथे अर्धवट राहिलेलं बोलणं आहे, ते उद्या जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करायचंय. त्या मुलानं वर्गातूनच मालकाला फोन लावला आणि पिकअप बदलून घेतला.